समुद्रातील पवनचक्क्या आणि पाखरांची वाट

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले भाषण)



विज्ञान आणि आपली जबाबदारी या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. मी बी.ए., बी.एड. झालेला, भूगोल शिकवणारा शिक्षक. एवढा मोठा विषय माझ्या ओंजळीत मावणारा नाही. म्हणून त्यातला एकच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो असा की, समुद्रात ज्या प्रचंड पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, त्यांच्या पात्यांवर समुद्रपक्षी आपटतात काय? आणि आपटत असतील, तर किती?

आपल्यापैकी कोणी मनात म्हणेल, सर, इथे मुलांच्या प्रवेशाची काळजी, फीची काळजी, त्यात दूरदेशीच्या पाखरांचा हिशेब कशाला? माझे म्हणणे असे की, हा हिशेब ज्याला नीट मांडता येईल, त्याला जगातले इतर अनेक हिशेब मांडता येतील. या प्रश्नात दोन्ही बाजू चांगल्या आहेत. एका बाजूला धुराशिवाय तयार होणारी वीज, दुसऱ्या बाजूला मुके जीव. चांगले आणि वाईट यांतून निवड करणे सोपे असते. दोन चांगल्या गोष्टींचा मेळ घालायची वेळ आली की शिक्षणाची खरी परीक्षा होते.

प्रथम या पवनचक्क्यांची ओळख करून घेऊ. कोळसा जाळून वीज केली की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते, हे आता शाळेतले मूलही सांगते. वाऱ्याला धूर नाही. समुद्रावर डोंगर नाहीत, इमारती नाहीत. त्यामुळे तिथला वारा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा जोराचा आणि अधिक सलग असतो. हे हेरून डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे समुद्रात ११ पवनचक्क्या उभारल्या. समुद्रातले ते जगातले पहिले पवनक्षेत्र. सगळ्या मिळून क्षमता सुमारे ५ मेगावॅट. २०१७ साली त्या काढून टाकण्यात आल्या, पण तोवर त्यांनी दाखवलेल्या वाटेने बरेच जण पुढे गेले होते. २००२ साली डेन्मार्कच्याच हॉर्न्स रेव्ह येथे ८० पवनचक्क्या आल्या. २०१० साली इंग्लंडच्या केंट परगण्यासमोर थॅनेट येथे १०० पवनचक्क्या सुरू झाल्या, क्षमता ३०० मेगावॅट. पुढे यॉर्कशायरसमोरच्या हॉर्नसी वन या क्षेत्रात १७४ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि क्षमता १२०० मेगावॅटच्या वर गेली. तीस वर्षांत ५ वरून १२००!

आता विद्यार्थी मित्रांनी मनातल्या मनात एक गणित करावे. थॅनेटच्या पवनचक्कीच्या चक्राचा व्यास ९० मीटर आहे. म्हणजे पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे २८३ मीटर अंतर कापते. चक्र मिनिटाला साधारण १६ फेरे घेते. गुणाकार करा. मिनिटाला साडेचार हजार मीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर, म्हणजेच ताशी २७० किलोमीटर! दुरून पाहताना चक्र सावकाश फिरताना दिसते, पण त्याचे टोक आपल्या कोणत्याही आगगाडीपेक्षा वेगाने जात असते. पाखराला जर हे कळले नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

पण पाखराला कळते की नाही? इथेच खरा प्रश्न सुरू होतो. त्यासाठी समुद्रपक्षी उडतात कसे ते पाहिले पाहिजे.

सगळे समुद्रपक्षी एकसारखे उडत नाहीत. एक वर्ग फुलमार आणि शिअरवॉटर या पक्ष्यांचा. पाण्याला घासून जाणारा वारा लाटांशी मंद असतो आणि वर जावे तसा वाढत जातो. या फरकाचा फायदा घेऊन हे पक्षी पंख ताठ धरून लाटांच्या वर-खाली तरंगत जातात, पंख फारसे हलवतही नाहीत. त्यांचा बहुतेक प्रवास पाण्यापासून काही मीटरांच्या आत होतो. दुसरा वर्ग पफिन आणि गिलेमॉट यांचा. यांचे पंख लहान, कारण त्याच पंखांनी त्यांना पाण्याखाली पोहायचे असते. ते भराभर पंख मारत, पाण्यालगत सरळ रेषेत जातात. तिसरा वर्ग कुरवांचा आणि गॅनेट या मोठ्या पांढऱ्या पक्ष्याचा. हे उंचावरून मासे हेरतात. म्हणून त्यांचे उडणे कधी खाली, कधी बरेच वर.

पवनचक्कीचे पाते किती उंचीवर फिरते? ब्रिटनमध्ये पात्याचे खालचे टोक भरतीच्या पाण्यापासून निदान २२ मीटर वर असावे असा दंडक आहे. तो पाखरांसाठी नव्हे, बोटींच्या डोलकाठ्यांसाठी केलेला आहे. २२ मीटर म्हणजे साधारण सात मजली इमारत. यावरून उघड आहे की पहिल्या दोन वर्गांतले पक्षी बहुधा पात्यांच्या खालून निघून जातात. टकरीचा धोका मुख्यतः तिसऱ्या वर्गाला आहे.

या तिसऱ्या वर्गातल्या गॅनेटची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पंखांचा पसारा सहा फूट, वजन तीन किलोच्या आसपास. मासा दिसला की वरून पंख मिटून भाल्यासारखा पाण्यात घुसतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फोर्थच्या खाडीच्या मुखाशी, बास रॉक नावाचा खडक आहे. २०१४ च्या मोजणीत त्या एका खडकावर गॅनेटच्या ७५ हजारांहून अधिक जोड्यांच्या जागा आढळल्या. जगातली ती त्यांची सर्वांत मोठी वसाहत होती. तिथल्या काही पक्ष्यांच्या अंगावर संशोधकांनी जीपीएस आणि हवेचा दाब मोजणारी छोटी उपकरणे बसवली. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, हा आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला धडा. त्याच धड्याच्या आधारे पाखराची उंची कळली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घर ते मासेमारीची जागा असा प्रवास करताना गॅनेट साधारण १२ मीटरवर उडतो, म्हणजे पात्यांच्या खाली. पण मासे शोधू लागला की साधारण २७ मीटरवर जातो, म्हणजे थेट पात्यांच्या पट्ट्यात. शिवाय त्या वेळी त्याचे डोळे खाली, पाण्याकडे लागलेले.

मित्रहो, इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. सगळ्या उड्डाणांची एकच सरासरी काढली असती तर हा पक्षी पुष्कळसा सुरक्षित वाटला असता. तो काय करत असताना किती उंचीवर असतो, हे वेगळे मोजले तेव्हाच धोका दिसला. नुसती सरासरी कधी कधी सत्यावर पडदा टाकते.

आता टकरी मोजायच्या कशा? जमिनीवरच्या पवनचक्कीखाली रोज फेरी मारून मेलेली पाखरे मोजता येतात. समुद्रात ते शक्य नाही. पडलेले पाखरू लाटांबरोबर वाहून जाते, नाही तर माशांच्या पोटात जाते. साक्षीदार कोणी उरत नाही. म्हणून संशोधकांनी रडार आणि कॅमेरे लावले.

डेन्मार्कच्या दक्षिणेस न्यूस्टेड येथे २००३ साली ७२ पवनचक्क्या सुरू झाल्या. त्या वाटेने दर वर्षी आयडर जातीच्या समुद्रबदकांचे आणि हंसबदकांचे मोठमोठे थवे स्थलांतर करतात. पवनचक्क्या येण्यापूर्वी आणि आल्यानंतर, अशा दोन्ही काळांत रडारवर थव्यांच्या वाटा नोंदवण्यात आल्या. २००५ साली जो निष्कर्ष आला त्याने पुष्कळांना आश्चर्य वाटले. त्या क्षेत्रात शिरणाऱ्या थव्यांचे प्रमाण साडेचार पटींनी घटले होते. बदके लांबूनच वाट वाकडी करून बाजूने जात होती. पात्यांचा धोका संभवेल इतक्या जवळून जाणारी बदके आणि हंसबदके शंभरात एकही भरत नव्हती. रात्री थोडे अधिक थवे आत शिरत, पण शिरले तरी पवनचक्क्यांपासून दिवसापेक्षा जास्त अंतर राखून जात.

पुढे थॅनेट येथे २०१४ ते २०१६ या काळात याहून मोठे निरीक्षण झाले. रडार, अंतर मोजणारे लेसर यंत्र, दिवसाचे कॅमेरे आणि रात्री उष्णतेवरून पाहणारे कॅमेरे. सहा लाखांहून अधिक चित्रफिती जमल्या. त्यांतल्या १२,१३१ फितींत पक्ष्यांच्या हालचाली दिसल्या. आणि प्रत्यक्ष टकरी किती दिसल्या? सहा. त्यानंतर स्कॉटलंडच्या ॲबर्डीनसमोर ११ पवनचक्क्यांच्या क्षेत्रात २०२० आणि २०२१ साली असेच निरीक्षण झाले. तिथे एकही टक्कर नोंदली गेली नाही.

यावरून दिसते की पक्षी तीन टप्प्यांवर स्वतःला वाचवतो. काही पक्षी सगळ्या क्षेत्रालाच वळसा घालतात. काही आत शिरतात, पण पवनचक्क्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून जातात. आणि उरलेले अगदी शेवटच्या क्षणी अंग चोरून पात्यातून निसटतात. परमेश्वराने पाखराला दिलेली नजर आपण समजतो त्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

मग प्रश्न मिटला काय? टाळ्या वाजवून घरी जावे काय? नाही. आता मी आजच्या भाषणातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

कोणतेही पवनक्षेत्र बांधण्यापूर्वी तिथे किती पक्षी मरतील याचा अंदाज मांडावा लागतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी बिल बँड या शास्त्रज्ञाने तयार केलेली रीत वापरतात. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीचे तिचे रूप २०१२ साली आले. रीत शाळेतल्या गणितासारखीच आहे. त्या भागातून किती पक्षी जातात? त्यांतले पात्यांच्या उंचीवर किती? त्यांतले चक्रातून पार जाणारे किती? पार जाताना पाते लागण्याची शक्यता किती? हे सगळे गुणत गेले की एक आकडा येतो. पण तो आकडा डोळे मिटून उडणाऱ्या पाखरांचा झाला. पाखरू तर डोळे उघडे ठेवून उडते. म्हणून शेवटी आणखी एका संख्येने गुणायचे. ती म्हणजे शंभरातले किती पक्षी धोका चुकवतात.

समजा, डोळे मिटून उडाले असते तर एका क्षेत्रात वर्षाला ५,००० पक्षी मेले असते. शंभरातले ९८ चुकवतात असे धरले तर मरतील १००. शंभरातले ९९ चुकवतात असे धरले तर मरतील ५०. आणि साडेनव्याण्णव धरले तर २५. पाहा, ९८ आणि ९९ यांत फरक केवढासा! परीक्षेत ९८ मिळाले काय आणि ९९ मिळाले काय, पेढे तेवढेच वाटले जातात. पण इथे त्या एका गुणाने मृत्यूंची संख्या दुप्पट झाली किंवा निम्मी झाली. कारण आपण पाहायचे ते वाचलेल्यांकडे नव्हे, शंभरातल्या उरलेल्या एक-दोघांकडे. आणि तो एक-दोनचा आकडा ठरवण्यासाठी भर समुद्रात, वादळात, धुक्यात, रात्री निरीक्षण करावे लागते. थॅनेटच्या कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षे राबून जे दिले ते हेच. सहा टकरी दिसल्या यापेक्षा, त्या किती हजार नोंदींमधून दिसल्या, याला मोल आहे.

कोणी म्हणेल, पन्नास काय नि शंभर काय, समुद्रात लाखो पाखरे आहेत. त्यालाही उत्तर आहे. कोंबडी वर्षभर अंडी घालते. गॅनेट वर्षाला एकच अंडे घालतो. जन्मल्यापासून पहिले अंडे घालीपर्यंत त्याची सुमारे पाच वर्षे जातात. नर-मादी आळीपाळीने पिल्लाजवळ बसतात आणि आळीपाळीने समुद्रावर जातात. त्यांतला एक परत आला नाही, तर घरट्यातले पिल्लूही बहुधा वाचत नाही. अशा जातीचा संसार मोठ्या माणसांच्या दीर्घ आयुष्यावर उभा असतो. कर्ते माणूस गेले की घर बसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यात २०२२ साली पक्ष्यांचा फ्लू आला आणि बास रॉकवर मृत गॅनेटांचा खच पडला. पुढच्या वर्षीच्या मोजणीत तिथल्या जोड्या चौथाईहून अधिक घटलेल्या आढळल्या. आधीच घाव बसलेल्या घराला आणखी एक लहान घावही जड जातो.

म्हणूनच या प्रश्नावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०१४ साली स्कॉटलंडच्या सरकारने फोर्थ आणि टे या खाड्यांसमोर चार पवनक्षेत्रांना परवानगी दिली. पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्थेने, आर.एस.पी.बी.ने, हजारो गॅनेट, किटीवेक आणि पफिन यांच्या जिवाचा प्रश्न पुढे करून त्याविरुद्ध दाद मागितली. २०१६ साली न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. २०१७ साली वरच्या पीठाने तो फिरवला. पुढे त्यांपैकी काही क्षेत्रे, पवनचक्क्यांची संख्या घटवून पण आकार वाढवून, उभी राहिली. लक्षात घ्या, ती संस्था वाऱ्याच्या विजेची वैरी नव्हती, आणि पवनचक्क्या उभारणारेही पाखरांचे वैरी नव्हते. भांडण जागेचे आणि आकड्यांचे होते.

जागेचे महत्त्व बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरात फार स्पष्ट दिसले. तिथल्या बंदराच्या बांधावर २५ पवनचक्क्या होत्या आणि बांधाला लागूनच सुरय पक्ष्यांची वीण होत होती. सुरय म्हणजे कुरवाहून लहान, टोकदार पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. पिल्लांसाठी मासे आणायला त्याला दिवसातून कितीतरी वेळा त्याच रांगेतून जावे-यावे लागे. २००४ आणि २००५ या वर्षांत तिथे दर पवनचक्कीमागे वर्षाला सरासरी सहाहून अधिक सुरय मेले. समुद्राकडच्या १४ पवनचक्क्यांपाशी ही सरासरी ११ च्या घरात होती. न्यूस्टेडची बदके वळसा घालून गेली, कारण त्यांना वर्षातून दोनदाच तिथून जायचे होते आणि सारा समुद्र मोकळा होता. झेब्रुगेच्या सुरयांना वळसा घालायला वाव नव्हता. त्यांचे घर दाराच्या एका बाजूला आणि बाजार दुसऱ्या बाजूला होता.

दोन धोके आणखी सांगतो. पहिला धोका रात्र, धुके आणि दिवे यांचा. जर्मनीजवळच्या समुद्रात फिनो वन नावाचा संशोधनाचा मनोरा आहे. त्याला पाती नाहीत. तरीही २००३ च्या ऑक्टोबरपासून २००४ च्या अखेरपर्यंत तिथे चारशेहून अधिक मेलेले पक्षी सापडले. त्यांतले बहुतेक समुद्रपक्षी नव्हते, रात्री समुद्र ओलांडणारे जमिनीवरचे लहान पक्षी होते. निम्म्याहून अधिक मृत्यू केवळ दोन रात्रींत झाले, आणि त्या दोन्ही रात्री धुके व रिमझिम पाऊस होता. म्हणजे वर्षभर काही घडत नाही आणि एका वाईट रात्री सगळे घडते. चार निवांत दिवस पाहून निष्कर्ष काढणाऱ्याने हे विसरू नये.

दुसरा धोका टकरीचा नाहीच. लाल गळ्याचा लून नावाचा पक्षी इतका भित्रा आहे की तो पवनचक्क्यांच्या आसपास फिरकत नाही. जर्मनीच्या उत्तर समुद्रातल्या अभ्यासात २०२३ साली असे दिसले की, पवनक्षेत्रात आणि त्याभोवतीच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांची संख्या ९४ टक्क्यांनी घटली. दहा किलोमीटरपर्यंतचा पट्टा धरला तरी घट ५२ टक्के होती. टकरीच्या वहीत त्यांच्या नावावर शून्य. पण त्यांचे हक्काचे पाणी गेले. कोणी मेले नाही म्हणजे कोणाचे नुकसान झाले नाही, असे नसते.

मग उपाय काय? उपाय आहेत, आणि ते निराशेचे नाहीत. सर्वांत मोठा उपाय म्हणजे जागा विचारपूर्वक निवडणे. विणीच्या खडकापासून आणि रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर. दुसरा उपाय म्हणजे पात्यांचे खालचे टोक आणखी वर घेणे, म्हणजे पुष्कळ पाखरे खालून निघून जातात. तिसरा म्हणजे वेळेवर थांबणे. नेदरलँड्सने १३ मे २०२३ च्या रात्री बोर्सेले आणि एग्मंड येथील पवनचक्क्या चार तास जवळजवळ थांबवून स्थलांतर करणाऱ्या थव्यांना वाट करून दिली. किती पक्षी येणार याचा अंदाज दोन दिवस आधी बांधलेला होता, त्यामुळे विजेचा तुटवडा पडला नाही. नॉर्वेच्या स्मोला बेटावर, जमिनीवरच्या चार पवनचक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगवून पाहिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथले पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. चारच पवनचक्क्यांचा हा प्रयोग आहे, पण आशा वाढवणारा आहे. आणि हॉर्नसी थ्री या क्षेत्राला २०२० साली परवानगी देताना, किटीवेक या कुरवासाठी कृत्रिम घरटी बांधून देण्याची अट घालण्यात आली. सफोकच्या किनाऱ्याजवळ तसे मनोरे उभेही राहिले. अर्थात घरटे मिळाले तरी मासा हवाच. किटीवेक ज्या वाळूतल्या बारीक माशांवर जगतो, तो मासा समुद्र तापल्याने आणि बेसुमार मासेमारीने कमी झाला. म्हणून ब्रिटनने २०२४ साली उत्तर समुद्रातल्या आपल्या पाण्यात त्याची मासेमारी बंद केली. समुद्र तापणे थांबवायचे तर धुराशिवायची वीज हवी. म्हणजे फिरून आपण पवनचक्कीपाशीच येतो. पाखरांनाही पवनचक्की हवी आहे, फक्त त्यांच्या दारात नको.

हे सगळे युरोपातले झाले. आपला त्याच्याशी संबंध काय? केंद्र सरकारने २०१५ साली समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जून २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या पवनक्षेत्रांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर झाली. म्हणजे हा प्रश्न आपल्या शेजारच्या पाण्यात येऊ घातला आहे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून कुरवांचे थवे येतात. वेंगुर्ल्यासमोरच्या दीपगृहाच्या खडकांवर सुरय पक्षी वीण करतात. पावसाळ्यात वादळ झाले की थकलेले बूबी पक्षी आपल्या पुळणीवर येऊन पडतात. हा बूबी मघाशी सांगितलेल्या गॅनेटच्याच कुळातला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बोटीवर आणि जहाजावर काम केलेली माणसे आहेत. त्यांनी ही पाखरे पाहिलेली असतात, पण त्यांची नोंद कुठे होत नाही. बास रॉकवर आज जो हिशेब मांडता येतो तो एवढ्याचसाठी की तिथे पवनचक्की येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पाखरे मोजत होते. आधी किती होती हे ठाऊक नसेल, तर नंतर किती गेली हे कोणी सांगू शकत नाही.

या कामाला मोठ्या पदव्या लागतात असे समजू नका. आपल्या मुंबईत १८९६ साली जन्मलेले डॉ. सलीम अली यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. 'डॉक्टर' ही उपाधी पुढे विद्यापीठांनीच त्यांना सन्मानाने दिली. १९८७ साली त्यांचे निधन झाले. तोवर भारतातला पक्ष्यांचा अभ्यास त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला होता. त्यांचे भांडवल तीन गोष्टींचे होते. दुर्बीण, वही आणि न कंटाळता रोज नोंद करण्याची सवय.

म्हणून मुलामुलींनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. एक साधी वही घ्या. पुळणीवर, खाडीवर, जेटीवर पाखरू दिसले की तारीख, वेळ, जागा, संख्या आणि ते काय करत होते एवढे लिहा. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा. पावसाळ्यात थकलेला समुद्रपक्षी सापडला तर त्याला पुन्हा लाटांत ढकलू नका, सावलीत ठेवा आणि वन खात्याला कळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी इथे कोणती पाखरे येत. तेही लिहा. वर्गात गणित, भूगोल आणि विज्ञान असे तीन वेगळे तास असतात. या वहीत ते तिन्ही एकत्र येतील.

आणि पालकांनो, आपला मुलगा किंवा मुलगी वही घेऊन किनाऱ्यावर उभी दिसली तर वेळ फुकट घालवते असे म्हणू नका. उद्या आपल्या समुद्रात पवनचक्क्या कुठे उभाराव्यात आणि कुठे उभारू नयेत हे ठरवायला माणसे लागतील. रडार वाचणारी, आकडे मांडणारी, पाखरू ओळखणारी. ती आपल्या घरांतून का जाऊ नयेत? विजेला विरोध करणारे पुष्कळ मिळतात, पाखरांची थट्टा करणारेही पुष्कळ मिळतात. मोजून बोलणारे थोडे असतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव की नव्याण्णव, हे चिकाटीने शोधून काढणारा एक विद्यार्थी जरी या शाळेतून बाहेर पडला, तरी सोसायटीने आजवर केलेल्या श्रमाचे चीज झाले असे मी समजेन.